शमीमखालांचं खमीर

जिन्याच्या चौथ्या पायरीवरच वास आला. आंबूस, गोडसर, आणि त्याच्यामागून कोमट दुधाचा. मी कठडा धरून थांबले. गुडघ्यांनी थांबवलं असं म्हणायला सोपं आहे, पण गुडघे बिचारे त्या दिवशी ठीक होते.

शमीमखाला जाऊन चाळीस दिवस झाले होते. वर त्यांची मुलगी रुबिना चाळिसाव्याच्या फातेहासाठी रोल करत होती. सकाळीच तिचा फोन आला होता, “ताई, लोक यायच्या आधी ये. अम्मीच्या हातासारखं जमंना मला. तू बघ जरा.” मला बघायला बोलावलं, मला! बेगमपुऱ्यातल्या त्या जिन्यात उभी राहून हसावं का रडावं कळेना. जी गोष्ट सांगायला चाळीस वर्षांच्या वर जीभ उचलली नाही, ती सांगायची असं ठरवून मी घरातून निघाले होते. आणि जिला सांगायची ती तर गेलेली.

या घरात खाली आम्ही भाड्यानं राहायचो आणि वर खाला. बाबा कचेरीत कारकून, आई गंगापूरची, आणि मी एकुलती एक. आईला शेजार लागायचा, खालांना श्रोता लागायचा, त्यामुळं दोघींचं पहिल्या आठवड्यातच जमलं. आई खालांशी तिचं हिंदी बोलायची, म्हणजे मराठीलाच शेवटी ‘है’ लावायची. “खाला, हमारा दूध नासा है.” खाला तिला तेवढ्याच थाटात मराठीतून उत्तर द्यायच्या. ते मराठी ऐकून बाबा पेपरामागं तोंड लपवायचे.

खालांचे वडील छावणीत खानसामा होते. साहेबलोकांना रात्रीच्या जेवणात मऊ, गोल, छोटे पाव लागायचे, ते करण्यात त्यांचा हातखंडा. खाला त्यांना रोल म्हणायच्या, म्हणून आम्हीही रोलच म्हणायचो. बेकरीतल्या पावासारखा तो पोकळ नसायचा. वरून गव्हाळ, बोट लावलं की दबणारा, आणि आतून असा मऊ की माझ्या दात पडलेल्या आजीनं एकदा चार खाल्ले नि पाचव्याला हात घातला.

जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, दुपारी रोल व्हायचे. जेवणं उरकली की वरून चाळणीचा आवाज यायचा, टक टक टक. मग आई हातातलं निवडण तसंच टाकून वर जायची आणि मी तिच्या मागं. खाला पाटावर बसून परातीत मैदा मळायच्या. दूध, साखर, चिमूट मीठ, तूप, आणि बरणीतून काढलेला खमिराचा गोळा. खमीर म्हणजे आदल्या खेपेचं आंबवून ठेवलेलं पीठ. तोच त्या रोलचा जीव. खाला बिस्मिल्ला म्हणून गोळा काढायच्या, आई आपली बाजूला हात जोडायची. कुणाला जोडायची कोण जाणे, पण जोडायची.

मी मळायला बसले की अंगातली सगळी ताकद काढायची. खाला ओरडायच्या, “अगे, मारती क्या उसकू? सहला, सहला!” म्हणजे गोंजार. पीठ कानाच्या पाळीएवढं मऊ झालं पाहिजे, हा त्यांचा हिशोब. त्या एका हातानं पीठ चाचपायच्या नि दुसऱ्या हातानं माझी कानाची पाळी. “अभी नै हुआ.” पुन्हा मळ. माझा कान पिठानं माखून जायचा.

मग परातीवर ओलं मलमल पडायचं. आता कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. पीठ झोपलंय. आम्ही तिघी खालच्या आवाजात गप्पा मारायचो आणि रुबिना, तेव्हा आठ-नऊ वर्षांची, दर दोन मिनिटांनी मलमल उचलून बघायची नि धपाटा खायची. पीठ दुप्पट झालं की लिंबाएवढे गोळे. ताटलीत ते लावताना मधे बोटभर जागा सोडायची. फुगल्यावर एकमेकांना टेकले पाहिजेत, पण आधीच चिकटवायचे नाहीत. पत्र्याच्या डब्याची भट्टी होती, खाली कोळसे नि झाकणावर कोळसे. डब्यातून वास सुटला की शेजारच्या गच्चीवरच्या बायका सुद्धा नाक वर करायच्या. रोल बाहेर आले की त्यावर तूप फिरवायचं आणि लगेच कापडात गुंडाळायचं. उघडे ठेवले तर कडक होतात. त्या कापडातून निघणारी वाफ मी डोळे मिटून चेहऱ्यावर घ्यायची. तसली वाफ पुन्हा कुठं मिळाली नाही. माझ्या सिडकोतल्या स्वयंपाकघरात चांगला काचेच्या दाराचा ओव्हन आहे, बटण दाबलं की गरम होतो. कितीदा केले रोल. जमतात. चांगले जमतात. पण मी ते कापडात गुंडाळत नाही, ताटलीत तसेच उघडे ठेवते. का, ते कुणी विचारत नाही म्हणून बरं.

खमिराचे लाड बघायचे तर थंडीत बघावेत. चिनी मातीची बरणी खालांच्या जुन्या शालीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवायची. “उसकू ठंड लगती.” पावसाळ्यात तिच्या तोंडाला दोन पदरी फडकं. उन्हाळ्यात मात्र ती माठाशेजारच्या ओल्या वाळूत बसायची आणि तिला दिवसातून दोनदा मूठभर मैदा नि पाणी घालावं लागायचं, नाहीतर फसफसून वर यायची. खमीर कुणाला द्यायचं तर हातात द्यायचं नाही, वाटीत द्यायचं, वर मैदा भुरभुरवून. आणि ती वाटी रिकामी परत पाठवायची नाही. आई तिच्यात साखर घालायची. खाला म्हणायच्या, हे खमीर अब्बांच्या हातचं आहे, छावणीतलं. अब्बांनी अम्मीला दिलं, अम्मीनं मला. बरणी कधी रिकामी झाली नाही, त्यातूनच काढायचं नि त्यातच घालायचं. म्हणजे बघा, किती वर्षांचं झालं ते. मला तर ते घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं वाटायचं.

खाला गावाला गेल्या की बरणी खाली आमच्याकडं यायची. त्या वर्षी उन्हाळ्यात हैदराबादला त्यांचा भाऊ आजारी पडला म्हणून त्या रुबिनाला घेऊन गेल्या. बरणी आईच्या हातात देताना म्हणाल्या, “बहन, इसकू संभालो.” आईनं पदर खोचून बरणी घेतली. आणि पुढच्याच आठवड्यात आईला तिच्या भावाच्या घरी लग्नासाठी गंगापूरला जावं लागलं. जीपमधे बसता बसता मला म्हणाली, “दोनदा मैदा घालायचा. इसरू नको. लई नाजूक काम हाय ते.”

मी एकोणीस वर्षांची होते आणि सोळा शुक्रवार करत होते.

आता हसू येतं, पण तेव्हा ते व्रत म्हणजे माझा श्वास होता. डी.एड.ला नंबर लागावा म्हणून धरलेलं. एकदा हुकला होता, पुन्हा हुकला असता तर काकांनी आणलेलं पैठणचं स्थळ डोक्यावर बसलेलंच होतं. शुक्रवारी गूळ-चण्याचा नैवेद्य, आणि आंबट म्हणून काही खायचं तर नाहीच, त्याला शिवायचंही नाही. घरात दही लावलेलं असलं तरी त्या दिवशी मी त्या फळीकडं बघत नसे. कुणाच्या हातून आंबट लागलं आणि कुणाचं काय वाटोळं झालं, याच्या गोष्टी वर्गातल्या मुली तोंड वाकडं करून सांगायच्या, आणि मला त्या सगळ्या खऱ्या वाटायच्या.

तो अकरावा शुक्रवार. बाबा कचेरीत. मी न्हाऊन, केस ओले सोडून, गूळ-चण्याची वाटी देवापुढं ठेवली आणि फुलं आणायला परसात गेले. त्या सकाळी मी बरणीत मैदा घातला नव्हता. शुक्रवार ना, आंबटाला कशी शिवू? वाळूतही ती ठेवली नव्हती, आदल्या दिवशी फरशी पुसताना देवाच्या फळीवर वरच्या कप्प्यात ठेवली होती, नि तिथंच राहिली. परत आले तर खमीर फडकं उचलून बाहेर आलेलं. फसफसत, बुडबुडे सोडत, बरणीच्या अंगावरून ओघळून फळीवर, आणि फळीवरून खाली थेट गूळ-चण्याच्या वाटीत.

अगं आई गं! मी किंचाळलेच. नैवेद्यात आंबट! माझे अकरा शुक्रवार गेले, नंबर गेला, मी गेले. मी रडत होते आणि मला त्या बरणीचा असा राग आला, असा राग आला की बस. दोन्ही हातांनी उचलली आणि परसातल्या शेवग्याच्या बुडात उपडी केली. तेवढ्यावर थांबले असते तर कडेला चिकटलेलं चमचाभर तरी वाचलं असतं. पण मी कसली थांबते! राखेनं घासली, वर कढत पाणी ओतलं, फडकं सुद्धा उकळून वाळत घातलं. मग पुन्हा न्हायले, पुन्हा नैवेद्य केला, पुन्हा कहाणी वाचली. संध्याकाळी परसात गेले तर शेवग्याखाली मुंग्यांची रांग लागलेली. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की मी काय केलंय.

आई आली, बरणी बघितली, पांढरी शुभ्र, चकचकीत. “अगं भवाने, काय केलंस हे!” एवढंच म्हणाली आणि मटकन खाली बसली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. थोड्या वेळानं म्हणाली, “त्या आल्या की तूच सांगायचं. मी नाय सांगणार. तुझं तोंड, तुझी जबान.” मी व्हय म्हणाले.

आणि दुसऱ्याच दिवशी शहागंजच्या एका बेकरीतून खमिराचा गोळा मागून आणला. बरणीत घातला, मैदा घातला, पाणी घातलं, दोनदा नाही, चारदा. नुसतीच रिकामी बरणी समोर कशी ठेवू, असं मनाला सांगितलं. सांगायचं तर आहेच, पण नवं तरी तयार असू दे. ते भराभर फुगलं. वास जवळपास तसाच. जवळपास.

खाला परत आल्या त्या दुपारी मी दारातच होते. रिक्षातून उतरल्या, पांढरा दुपट्टा, डोळे सुजलेले, रुबिना त्यांच्या हाताला घट्ट धरून. “भाईजान नै रहे, बेटी,” एवढं म्हणाल्या आणि आमच्या ओट्यावरच बसल्या. आईनं पाणी दिलं. ते त्यांनी न पिता बाजूला ठेवलं. मग इकडं तिकडं बघून म्हणाल्या, “मेरी बरनी?” मी आणून दिली. त्यांनी फडकं सोडलं, नाक जवळ नेलं, आणि तोपर्यंत आमच्यासमोर न रडलेली ती बाई बरणी पोटाशी धरून हुंदके द्यायला लागली. “अब्बा की खुशबू... भाईजान गये, यह तो रह गया, बेटी. तूने संभाला.”

मी आईकडं बघितलं. आई भिंतीकडं बघत होती.

सांगा, कसं सांगायचं? त्या दिवशी नाही, मग चाळीस दिवस होऊ देत, मग ईद होऊ दे. त्यात माझा डी.एड.ला नंबर लागला. खाला पेढे घेऊन खाली आल्या, मी तो हातातच धरून त्यांच्या पाया पडले. पुढं माझ्या लग्नात, मांडवात, माझ्या सासूबाईंसमोर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, “यह लडकी ने मेरे बाप की निशानी बचाई.” सासूबाई कौतुकानं हसल्या. मला वाटलं, मांडवातली जमीन फाटावी.

त्यानंतर मी खालांना टाळायला लागले. स्पष्टच सांगते, टाळलं. सिडको ते बेगमपुरा, रिक्षानं वीस मिनिटं. आई-बाबा खाली होते तोवर मी यायची, पण जुमेरात सोडून यायची, आणि वर न जाता परत फिरायची. खालांचं बोलावणं ईदला यायचंच. पहिल्यांदा माणूस पाठवून, मग शेजारच्यांच्या फोनवर, मग रुबिनाच्या मोबाइलवरून. “आ जा बेटी, रोल किये.” मी म्हणायची, “खाला, आज उपास आहे.” कधी चतुर्थी सांगितली, कधी एकादशी, कधी नुसतंच उपास. शाळेत मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारी मी बाई, खालांना मात्र दर ईदला उपास सांगायची. त्या म्हणायच्या, “हौ बेटी, उपास तो करना. अच्छा है.” आणि फोन हळूच ठेवायच्या.

कारण त्यांच्या घरात गेलं की रोल समोर येणार, रोल आला की खमीर निघणार, आणि खमीर निघालं की माझं कौतुक. ते कौतुक मला सोसत नव्हतं. आई गेली तेव्हा खाला खाली येऊन माझ्याजवळ बसल्या होत्या, माझा हात हातात घेऊन. पुढं वय झालं त्यांचं, नव्वदीला टेकल्या. आजारी आहेत कळलं. मी म्हटलं, रविवारी जाते. मग म्हटलं, पुढच्या रविवारी. गेल्या त्या दिवशी येऊन बायकांच्या गर्दीत बसले, चेहरा बघितला, आणि घरी येऊन पाणी न पिता तशीच पडून राहिले.

तर, जिना चढले. स्वयंपाकघर तसंच होतं, फक्त ओटा उंच झालेला आणि पत्र्याच्या भट्टीच्या जागी गॅसचा ओव्हन. रुबिना आता पन्नाशी ओलांडलेली, चष्मा कपाळावर, हाताला कोपरापर्यंत मैदा. “आलीस? बघ गं जरा, झालंय का?” म्हणून तिनं मलमल बाजूला केलं. मी पिठात बोट दाबलं. खळगा हळूहळू भरून आला. झालं होतं. अगदी तसंच झालं होतं.

आणि मी बोलून टाकलं. कसं, कुठून सुरू केलं आठवत नाही. शुक्रवार, गूळ-चणे, शेवग्याचं झाड, शहागंजची बेकरी, सगळं. “हे तुझ्या नानांचं, खालांच्या अब्बांचं खमीर नाही रुबी. ते मी टाकलं. खालांशी खोटं बोलले मी. जन्मभर बोलले.”

रुबिना गोळे करता करता थांबली. माझ्याकडं बघितलं आणि चक्क हसली. “अगं ताई! कसलं नानाचं घेऊन बसलीस? ते तर त्यानंतर आमच्याकडंच दोनदा मेलं. एकदा माझ्या शादीच्या गडबडीत, एकदा अम्मी हजला गेली तेव्हा माझ्याच हातून. मी रडायला लागले तर अम्मी म्हणाली, रोती कायकू? खमीर है, मरताच. दुसरा लाव. बेकरीतून आणलं नि त्यालाच पुन्हा अब्बाचं म्हणायला लागली.” ती अजून हसत होती. मलाही हसू फुटलं, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, असं काहीतरी वेडंवाकडं. एवढंच होतं? एवढ्यासाठी मी मेले होते? त्या वेळी दारातच सांगितलं असतं तर खाला म्हणाल्या असत्या, रोती कायकू.

मग रुबिनाचं हसणं हळूहळू कमी झालं. ती हातातल्या गोळ्याकडं बघत राहिली. “म्हणून येत नव्हतीस तू?” तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

“म्हणून उपास सांगायचीस?”

“हो.”

तिनं गोळा ताटलीत ठेवला. शेजारी बोटभर जागा सोडून दुसरा ठेवला. माझ्याकडं न बघता बोलायला लागली. “दर ईदला अम्मी तुझा डबा वेगळा भरायची, ताई. संध्याकाळपर्यंत ठेवायची. मग मला म्हणायची, दे कुणाला तरी. मी एकदा चिडून म्हणाले, कशाला ठेवतेस, ती येत नाही ना? तर म्हणाली, तिच्या सासरी आपल्या घरचं खाल्लेलं चालत नसेल. पोरगी बिचारी तोंडानं सांगत नाही, उपास सांगते. तू विचारू नको, तिला लाजवू नको.”

“नाही गं,” मी म्हणाले. “रुबी, नाही. तसं नव्हतं. माझ्या सासरी कुणी कधी एका शब्दानं... तसं नव्हतं गं.”

“शेवटी शेवटी सुद्धा म्हणायची, ती लहान असताना माझ्याच ताटात जेवायची. मोठी झाल्यावर लोकांनी तिला शिकवलं असेल.” रुबिनानं मनगटानं डोळे पुसले, गालाला मैदा लागला. “मलाही तसंच वाटायचं, ताई. खोटं कशाला बोलू.”

“तसं नव्हतं,” मी पुन्हा म्हणाले.

“मला कळलं गं आता,” रुबिना म्हणाली. “पण अम्मीला कोण सांगणार?”